वरच्या पायरीवर

"या दगडावर उभं राहून कुजबुजलात, तरी वर ऐकू येतं," तुर्कस्तानातल्या रोमन नाट्यगृहाच्या तळातून गाइड म्हणाला. वरच्या पायरीवर बसलेल्या आमच्या भजनी मंडळाला खरंच अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"अगं बाई, बुवांना कीर्तनाला इथेच उभं करा! माइकवाल्याची कटकट नको," काकू म्हणाल्या. आम्ही सगळ्या हसलो. गाइडही वर येऊन बसला.

काकूंचा मुलगा मंदार समुद्राचे फोटो काढत मागे राहिला होता. आला तो थेट त्या दगडावर, जिथे त्याची बायको चारुता एकटीच उभी होती. त्याने तिचं मनगट धरलं. वरून वाटलं, किती प्रेमाने!

"ओठ का सुजला विचारलं, तर बाथरूममध्ये पडले म्हणायचं. आईला कळलं ना, तर कड्यावरून समुद्रात ढकलून देईन."

मग फाडकन आवाज आला आणि चारुता कोसळली.

दुखरे गुडघे विसरून काकू भराभरा उतरल्या आणि लेकाच्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या. संतापून त्याने आईवरही हात उगारला. नाकातून रक्त गळत असलेल्या चारुताने तो हात हवेतच पकडला आणि असा पिरगळला, की तो किंचाळला.

"गाइडदादा," काकू धापा टाकत म्हणाल्या, "आजपासून सून माझ्या खोलीत. आणि इथली पोलीस चौकी कुठे आहे, ते आधी दाखवा."