गरमी जाते कुठे?

"चिलरमधला इव्हॅपोरेटर पाण्यात थंडी ओतत नाही, पाण्याची गरमी स्वतःच्या अंगावर घेतो. आत द्रवरूप गॅस त्या गरमीने उकळतो आणि पाणी गार होऊन बाहेर पडतं." वीस वर्षं चिलर, म्हणजे मोठ्या एसींसाठी पाणी गार करणारी यंत्रं, दुरुस्त करणारा मी, जेवताना बायकोला ऐटीत सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी माझी आत्या तणतणत आली. मी तीन दिवस तिचा फोन उचलला नव्हता. मी आतल्या खोलीत दडी मारली. बायकोने तासभर "हो ना, आत्या" म्हणत सगळं ऐकून घेतलं. आत्या हसतच निघाली, तेव्हा मी हळूच बाहेर आलो. ती मला म्हणाली, "थंड डोक्याची आहे हो तुझी बायको!"

मी खूश होऊन दार लावलं.

 

"बसा समोर," बायको म्हणाली. "घेतलेली गरमी पुढे कुठे सोडायची, ते काल सांगायचं राहिलं तुमचं."