दहाच्या आतली हजेरी

"सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, मॅडम," हवालदार म्हणाला, "पण आमच्या चौकीने एक चोर नुसत्या शिंकेवर पकडलाय."

तपासणीला आलेल्या मॅडमनी वही उघडली. "सांगा."

"धान्याच्या गोदामात शिरला होता. पोती शेकड्यांनी, कुठे दडलाय कळेना. मग मी सगळ्या गावाला गोदामाभोवती उभं केलं आणि हुकूम सोडला, कोणी आवाज काढायचा नाही. दीड तास! पान हललं नाही. कुत्रीसुद्धा गप्प. शेवटी आतल्या भुशाने आपलं काम केलं. शिंकला. पंधराव्या पोत्यामागे."

"कुत्र्यांना गप्प बसायला कोणी सांगितलं?"

"त्यांना सांगावं लागत नाही. त्यांना चौकीचा धाक आहे."

मॅडमनी लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हवालदाराने सवयीने नजरेनेच त्यांच्या खांद्यांचं माप घेतलं. डावा खांदा अर्धं बोट उतरता होता.

आज माघार नाही, असं तो सकाळीच आरशासमोर स्वतःला बजावून आला होता. आठवड्यापूर्वी वरच्या कचेरीचं पत्र आलं होतं, चौकीची स्थिती पाहायला अधिकारी येत आहेत म्हणून. असल्या पत्राचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होता. जिथे गुन्हे नाहीत ती चौकी बंद. आणि या गावात गुन्हा शोधायचा म्हणजे टकलावर भांग पाडण्यासारखं. म्हणून त्याने कंबर कसली होती. चौकी वाचवायची. चार चोर पदरचे घालावे लागले तरी बेहत्तर.

चौकी तरी केवढी? एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कोठडी. कोठडीत सध्या लोकांच्या हरवलेल्या छत्र्या होत्या.

तेवढ्यात दूधवाली मावशी काठी टेकत आत आली.

"आले रे बाळा..." तिचं लक्ष मॅडमकडे गेलं. तिने जीभ चावली. "म्हणजे, हवालदारसाहेब. आहे मी अजून. लिहा."

त्याने एक जाडजूड वही तिच्यापुढे सरकवली. मावशीने सावकाश सही केली.

"गुडघा कसा आहे?"

"तुझ्या डोक्यापेक्षा बरा चालतो," मावशी म्हणाली आणि दाराजवळच्या बाकावर टेकली.

मॅडमनी वही आपल्याकडे फिरवली. "ही कसली हजेरी?"

"एकट्या राहणाऱ्यांची. सतरा जण आहेत. दहाच्या आत येऊन सही करायची. जो आला नाही, त्याच्या दारात चौकी जाते."

"चौकीत हजेरी गुन्हेगारांची घेतात."

"ते कुठून आणू, मॅडम?" बोलून गेल्यावर हवालदार चपापला. "म्हणजे, होते पुष्कळ. धाकाने पळाले."

मॅडमनी तेही लिहिलं.

हवालदाराचं लक्ष मात्र हजेरीच्या वहीवर खिळलं होतं. सोळा सह्या. सतरावी, शाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींची जागा कोरी. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तो उठला.

"बसा. माझे प्रश्न संपलेले नाहीत."

"आल्यावर देतो उत्तरं."

"तपासणी अर्धवट सोडून गेलात, तर मला तसं लिहावं लागेल. मग चौकीचं काय होईल, तुम्हीच समजा."

त्याने टोपी हातात घेतली. आठवडाभर घोकलेले सगळे चोर घशाशी आले आणि परत खाली गेले.

"लिहा," तो म्हणाला आणि निघाला.

मॅडम मागोमाग आल्या. मावशीही आली, गुडघ्यासकट.

गुरुजींच्या दाराला आतून कडी होती. हवालदाराने हाका मारल्या. तीनदा खांद्याने धडक दिली. दार जुन्या लाकडाचं, ते कशाला ऐकतंय?

"मागची खिडकी बघ रे," मावशी म्हणाली.

तो खिडकीतून आत उतरला. गुरुजी न्हाणीघरात पडले होते. कपडे ओलेचिंब, ओठ काळेनिळे. पहाटेपासून तसेच. पाय हलत नव्हता.

"मला उशीर झाला," गुरुजी पुटपुटले.

"दहाच मिनिटं. हजेरी मांडू का?"

"मांड. पण वेळ खरी लिही."

हवालदाराने कडी काढली. मॅडमनी फोन करून रुग्णवाहिका मागवली आणि ती येईपर्यंत गुरुजींचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. स्ट्रेचर उचलताना रुग्णवाहिकेतला डॉक्टर म्हणाला, "आणखी दोन तास गेले असते, तर आम्हाला बोलावून उपयोग नव्हता."

चौकीत परतल्यावर हवालदाराच्या लक्षात आलं, खिडकीत अडकून सदऱ्याचं बटण लोंबतंय. त्याने खिशातून सुईदोरा काढला, पाहता पाहता बटण बसवलं आणि दोरा दाताने तोडला. मग मॅडमसमोर ताठ उभा राहिला.

"चोर खोटा होता, मॅडम. शिंकही खोटी. गोदाम तर गावात नाहीच. पण ही सतरा माणसं खरी आहेत. चौकी गेली, तर उद्या दहाला यांची आठवण कोणाला होणार? मला काय शिक्षा करायची ती करा. चौकी बंद करू नका. झालं. सगळं खरं सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

मॅडमनी वही मिटली.

"तुम्ही अजूनही खोटं बोलताय. ही चौकी सहा वर्षांपूर्वीच बंद झाली. इथला शेवटचा हवालदार बदलून गेला, त्यानंतर खात्याने इथे कोणालाच नेमलेलं नाही. तरी दर एक तारखेला इथला अहवाल वेळेवर येतो. तो कोण पाठवतं, ते बघायला मी आले. सहा वर्षांत एक रजा नाही, बदलीचा एक अर्ज नाही. असला पोलीस आमच्याकडे नसतो. आता खरं सांगा, तुमचा धंदा काय?"