एकवीस दिवस

हौसाला उंबऱ्याची ठेच लागली आणि तिनं भोकाड पसरलं, "आजीऽऽ!"

चुलीपुढून उठलेली छबू अर्ध्यातच थांबली. चार वर्षांच्या तिच्या लेकीनं आजवर लागलं-खुपलं की आईलाच हाक मारली होती. सासू, सोजराबाई, परसातून धावत आली. पोरीला उचलून तिनं अंगठ्यावर हळद दाबली आणि मागं न बघताच छबूला म्हणाली, "तू तुझी भाकर बघ. करपंल."

छबूला पुण्याला जायला तीनच दिवस उरले होते.

साल पंचावन्न. छबूचा नवरा सोपान विषमज्वरानं जाऊन दोन वर्षं झाली होती. चाकणला माहेरी असताना ती चार यत्ता शिकली होती. सासरी, चिखलीच्या शाळेतले मारुतराव मास्तर तिच्या सासऱ्याला, कोंडाजीला, विचारून गेले आणि दुपारची कामं उरकली की शाळेच्या ओट्यावर तिचा अभ्यास घेऊ लागले. ती सातवीची फायनल पास झाली. मग मास्तरांनीच पुण्यातल्या, शिक्षिका तयार करणाऱ्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म भरून पाठवला. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. दोन वर्षं तिथंच राहायचं. लेकराला सोबत न्यायचं नाही. घरी यायचं ते दिवाळीत आणि मे महिन्यात.

"दोन वर्सं?" कोंडाजी पुटपुटला.

सोजराबाई हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "जायला किती दिस हायेत?"

"एकवीस," मास्तर म्हणाले.

ते दिवस छबूबाईंना पुढं जन्मभर आठवत राहिले. आता जिथं पत्र्याच्या शेडमध्ये लेथ फिरतात, तिथं तेव्हा ज्वारीची रानं होती. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि गावातली माणसं अजून त्याला लांबची गोष्ट समजत होती. कॉलेजनं आणायच्या सामानाची यादी धाडली होती. चार साधी पातळं, वळकटी, ताट-तांब्या, कंदील, सूत कातायला तकली. तकलीवरचा धागा छबूच्या हातून सारखा तुटायचा. मास्तरांनी तिच्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगानं नाव घातलं. स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात तिनं पहिल्यांदाच पाहिलं. येता-जाता ती ते वाचायची.

पण त्याच दिवसांत घरात काहीतरी बदलत गेलं. पत्र आलं त्या संध्याकाळी सोजराबाईनं हौसाचं अंथरूण आपल्या शेजारी घातलं. दोन दिवसांनी तिला भरवायचं तीच बघू लागली. मग वेणी, मग अंघोळ. पोरगी आईच्या मांडीवर येऊन बसली की सासू हाक मारायची, "चल गं, वासराला पानी दावू." हौसा पहिले काही दिवस हट्ट करायची, मागं वळून बघायची. पुढं पुढं हाक आली की आपण होऊन उठायला लागली. छबू हातातली तकली तशीच धरून बसायची.

आणि आज ठेच लागल्यावर आजीच आठवली.

निघायच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना छबूनं पेटी उघडली आणि आतली पातळं एकेक करून बाहेर काढून ठेवली.

"काय चाललंय?" सोजराबाईनं दारातून विचारलं.

"मी न्हाई जायची, आत्याबाई."

"का?"

इतक्या वर्षांत छबू सासूला उलट शब्द बोलली नव्हती. "तुमचा ल्योक गेला, म्हनून आता माझी लेक घेताय व्हय?"

सोजराबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. मग ती खाली बसली, एकेक पातळ मांडीवर घेऊन घडी घातली आणि पेटीत परत ठेवली. "सकाळी गाडी जुपायला सांगितलीय," एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

सकाळी कोंडाजीनं बैल जुंपले. चिंचवड स्टेशनापर्यंत गाडीनं जायचं होतं. वेशीजवळ मास्तर भेटले. "पोचल्यावर कार्ड टाक," म्हणाले आणि घाईनं शाळेकडं वळले. सोजराबाई हौसाला कडेवर घेऊन गाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत आली. तिथं कोंडाजीनं गाडी थांबवली.

छबूनं वाकून लेकीचे गाल कुरवाळले. हौसानं ते कुरवाळू दिले. "आई, चित्राचं पुस्तक आन," ती म्हणाली. मग आजीच्या मानेला मिठी मारून तिनं सांगितलं, "आजी, चल ना. वासरू वाट बघत आसंल."

तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. छबूच्या डोळ्यांना धार लागली. ती सासूकडं न बघता म्हणाली, "बघा. रडली सुदीक न्हाई."

सोजराबाईनं पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा, तिच्या पापण्या सुजल्या होत्या. तिनं छबूच्या डोईवरचा पदर नीट केला.

"ती रडली असती," ती म्हणाली, "तर तू गेली असतीस का?"