ओटीचे खण

"ओटीचं कापड पेटीत सडू देऊ नोको, लेकीबाळीच्या अंगाले लागू देजो," असं सासूबाई म्हणत. म्हणून मजुरीला जाणारी कांता सांगत आली, की लेकीची, मयुरीची पाळी आली, घरात धड चिंधी नाही, उद्याची सेलूची स्कॉलरशिप परीक्षा बुडते, तेव्हा मी म्हटलं, "नाई बुडणार."

तुळशीला पाणी घालून पेटी उघडली. सुती ब्लाऊजपीस निवडले आणि घड्या शिवायला बसले. धुवून उन्हात वाळवल्या की पुन्हा वापरता येतील अशा.

शेजारच्या कौशल्याबाईंनी पाहिलं. "अव माय! देवधर्म करणारी बाई तू, अन् ओटीचे खण असल्या कामाले?"

"पोरीचं ओटीपोट दुखून राह्यलं," मी म्हटलं. "मंग ओटीचं कापड आणखी कोणाले देऊ?"

त्या तरातरा निघून गेल्या. आता गावभर होणार, असं मला वाटलं. पण दहा मिनिटांत त्या गाठोडं घेऊन परत आल्या.

"हे घे माह्याकडचे तीस. यातले चार तर तुनंच देल्ले होते!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग शिवलेल्या सहा घड्या पदराखाली घेऊन मी मयुरीची ओटी भरायला निघाले.