ताई उजळत चालली होती

तिसरी पाटीही वाया गेली. ताईने बोळ्याने पितळेवरचं काळं वॉर्निश पुसलं, तर जिथे एकही अक्षर नव्हतं तिथे बारीक बारीक खड्डे.

नावाच्या पाट्यांचं काम म्हणजे एवढंच. पितळेला वॉर्निशचा लेप द्यायचा, लेपात अक्षरं कोरायची आणि पाटी ॲसिडात सोडायची. लेप आहे तिथे ॲसिड मुकाट बसतं, नाही तिथे खातं. टाचणीच्या टोकाएवढी जागा सुटली तरी त्याला पुरते. वीस वर्षांत ताईकडून अशी जागा कधी सुटली नव्हती. आता ती तिला दिसतच नव्हती. डोळ्यांपुढे म्हणे सारखे काजवे चमकायचे.

बाकी ताई उजळत चालली होती. खरंच! शेजारणींनी क्रीमचं नाव विचारून विचारून तिला भंडावून सोडलं. तिच्याच शेजारी बसून अक्षरं कोरणारी वहिनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको, तीही मागे कशाला राहील? या वयात हा थाट कुणासाठी, असा टोमणा तिने मारून घेतला. ताई खळखळून हसली. हसली तेव्हा वहिनीला तिच्या हिरड्या दिसल्या.

हिरड्याही उजळल्या होत्या.

मग वहिनीची नजर तिच्यावरून हटेना. ताईची नखं कागदासारखी. तळहातावरच्या रेषा पुसल्यासारख्या. जिन्याच्या चौथ्या पायरीवर ती थांबायची आणि काहीतरी आठवत असल्याचं नाटक करायची. फ्रिजमधला बर्फ टिकेना. दुपारभर पडद्यामागून काहीतरी कडाकडा चावल्याचा आवाज यायचा. दोघी ओळखपत्रासाठी ताईचा फोटो काढायला गेल्या, तर फोटोवाल्याने दोनदा दिवा मंद केला. तरी ताईचा चेहरा मागच्या पांढऱ्या पडद्यात विरघळलाच. केस आणि डोळे तेवढे उरले.

वहिनी तो फोटो घेऊनच औषधाच्या दुकानात गेली. औषधवाला एरवी फार गप्पिष्ट. फोटो बघताच त्याने तो दिव्याखाली धरला. मग त्याने विचारलं, की गुडघेदुखीची गोळी ताई नेमाने नेतात, पण पोटाची कॅप्सूल का बंद केली? डॉक्टरांनी दोन्ही बरोबरच दिल्या होत्या. वहिनीने सांगितलं, की पोटात जळजळ नाही तर ॲसिडची गोळी कशाला खाऊ, असं ताईचं म्हणणं.

औषधवाल्याने कपाळावर हात मारला. पोटाला आतून स्वतःचं एक अस्तर असतं, म्हणून पोटातलं ॲसिड पोटालाच खात नाही. गुडघ्याची गोळी दुखणं मारते, पण ते अस्तरही विरळ करते. कॅप्सूल अस्तर शिवत नाही, ॲसिड कमी करते. मग उघडी पडलेली जागा खाल्ली जात नाही आणि तिला भरून यायला वेळ मिळतो.

"म्हणजे लेप फाटलाय," वहिनी हळूच म्हणाली, "आणि पाटी अजून ॲसिडातच आहे."

तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा. हा रंग उजळलेला नाही, रक्त आतल्या आत चाललंय, शौचाला काळं होत असेल.

वहिनी गाडी घेऊनच परतली. ताई पाटीला लेप देत होती, गालात बर्फाचा खडा. वहिनीने धापा टाकत विचारलं, की शौचाला काळं होतं का? असले प्रश्न जेवणाआधी विचारतात का, म्हणून ताईने तिला झापलं. मग ब्रश बाटलीत बुडवत सहज म्हणाली, पंधरा दिवस झाले, या वॉर्निशसारखं होतंय. तरी उठायला तयार नाही. एवढी पाटी होऊ दे म्हणाली. उद्या बघू म्हणाली.

"अगं, पोटात काही दुखत नाही माझ्या. एक टाचणीसुद्धा टोचत नाही. दुखलं असतं तर बोलले नसते का?"

वहिनीने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. ताईच्याच पर्समधून गुडघ्याच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"ताई, तुमचं पोट रोज ओरडत असणार. पण या गोळीला काय माहीत, की गप्प फक्त गुडघ्याला बसवायचं होतं?"