बारापर्यंतचं मौन

मी कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळते. रोज दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. बोलायचं नाही, लिहायचंही नाही.

तोंडी परीक्षेत शलाकाची सूक्ष्मदर्शकाची फाईल संगणकावर उघडेना. "काकू, वाचवा, नाहीतर नापास होईन." मी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, फाईल उघडली, साध्या फोटोत बदलून पडद्यावर लावली.

"हे माझे परागकण," शलाका म्हणाली. मी जोरजोरात हात हलवले.

"काकूंना आनंद झालाय," परीक्षक बाई हसल्या. "पण असले परागकण मी कधी पाहिले नाहीत. कुठल्या फुलाचे?"

तेवढ्यात बारा वाजले.

"फूल नाही हो, माझा उपासाचा साबुदाणा आहे," मी हळूच म्हटलं. "सरावाला त्याचा फोटो काढला होता. घाईत तीच फाईल उघडली."

बाई पडद्याजवळ गेल्या. "भिजलाय मात्र छान. आता हिची उघडा."