रोजच्या तीन फुल्या

‘दे वॉक टू स्कूल’ या वाक्यातल्या ‘वॉक’खाली आजोबांनी निळी रेघ मारली होती. लाल रेघ म्हणजे नाम, निळी म्हणजे क्रियापद. उत्तर अगदी बरोबर होतं. बाईंनी त्यावर फुली मारली.

“चुकलं?” आजोबांनी विचारलं.

“नाम आहे ते. काय हे, विद्यार्थी! शाळेत असतात तर बाकावर उभं केलं असतं.”

“गुडघ्यांनी परवानगी दिली तर आताही राहतो.” वहीकडे न बघता आजोबा बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. “बाई, जेवण वेळेवर होतं ना?”

“होतं की.”

“आणि झोप?”

“तीही लागते. पंचविसात बावीस. उद्या पुन्हा.”

आजोबा उठले. हातात पेन्सिलच होती, तरी त्यांनी सवयीनं बोटं झटकली, खडूची पूड झटकावी तशी. स्वयंपाकघरात डोकावून गॅस बंद असल्याची खात्री केली आणि मगच निघाले.

बाईंनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण जाणूनबुजून खोटी फुली कधी मारली नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी दाराला ‘इंग्रजीची शिकवणी’ अशी पाटी लावली. दोन वर्षं पाटीनं नुसती धूळ खाल्ली. मग एका दुपारी चार वाजता गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले हे आजोबा दारात उभे राहिले. मुलीची मुलं परदेशात, फोनवर इंग्रजीतच बोलतात, म्हणाले. “नाम कुठलं नि क्रियापद कुठलं, एवढं कळलं की झालं. पंचविसात पंचवीस पडले की तुमची सुटका.”

बाईंनी युक्त्या सांगितल्या. शब्दाआधी ‘द’ लावून बघा, शोभला तर नाम. ‘टू’ लावून बघा, शोभला तर क्रियापद. तरी आजोबांच्या रोज मोजून पाच चुका होत. दिवस कसे मजेत चालले होते.

मग एका सोमवारी पंचवीसच्या पंचवीस बरोबर आले.

बाईंचा पेन वहीवर थबकला. घरात टेबल होतं, कपाट होतं, चार खुर्च्या होत्या. नामांना तोटा नव्हता. क्रियापद तेवढं चार वाजता यायचं. बाईंनी मन घट्ट केलं आणि तीन फुल्या मारल्या.

त्याला आता तीन आठवडे झाले होते. आजोबांची उत्तरं रोज बरोबर, बाईंच्या फुल्या रोज तीन. आजोबा मात्र हल्ली विसरायला लागले होते. मध्येच विचारत, “बाई, आज वार कोणता हो?” बाई सांगत. “आणि महिना?” बाई तोही सांगत आणि मनात म्हणत, वय झालं बिचाऱ्यांचं.

त्यामुळे तर फुल्या जास्तच टोचू लागल्या. म्हाताऱ्या माणसाला चार शब्द नातवंडांशी बोलायचेत. हाताशी वेळ किती उरला कोण जाणे! आणि आपण त्याला अडवून धरलंय, कशासाठी, तर समोर बसून कोणीतरी चहा प्यावा म्हणून. शुक्रवारी बाईंनी ठरवलं, आज खरं सांगायचं. मग उद्यापासून चार वाजले काय नि न वाजले काय. त्यांनी निरोपाची म्हणून चांगली बिस्किटं आणून बशीत मांडून ठेवली.

चार वाजले. सव्वाचार झाले. बेल वाजली तेव्हा दारात तिशीतली एक तरुणी वही घेऊन उभी होती.

“मी त्यांची सून. बाबांना ताप आहे. पण शिकवणी बुडायला नको म्हणून मला पिटाळलंय.”

बाईंनी तिला बसवलं आणि वही तपासली. पंचवीसच्या पंचवीस. खाली ठळक आकड्यात तसंच लिहिलं आणि घसा खाकरला. “सूनबाई, त्यांना सांग, ते कधीच पास झालेत. खरं तर मीच...”

“बाई, आधी माझं ऐका. त्यांनी शपथ घातलीय, तरी सांगते. सासूबाई गेल्यावर बाबा घरात कोणाशी बोलेनात. तुमची पाटी वाचून आले नि म्हणाले, शिकवणी लावतो. आम्हाला हसूच आलं. पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस!”

बाईंच्या हातातला पेन तसाच राहिला.

“मग त्यांनाच वाईट वाटायला लागलं. म्हणाले, बाईंना फसवणं बरं नाही, सोमवारी सगळं बरोबर लिहून निरोप घेतो. पण त्या सोमवारी घरी आले ते चेहरा पाडून. तेव्हापासून एकच धोशा, बाईंकडे एक दिवसही खाडा करून चालणार नाही.”

सून खुर्ची ओढून जवळ सरकली. तिनं बाईंचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला विचारावं तसं हळूच विचारलं,

“बाई, आज वार कोणता, सांगता?”